स्टेपनी आणि आमचे दादा

बँकेत मला 'स्टेपनी' म्हणतात. समोर म्हणत नाहीत. समोर 'रिलीव्हिंग क्लार्क' असा भारदस्त शब्द आहे. एखाद्या शाखेत कुणाला कावीळ झाली, कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, कुणी प्रसूतीच्या रजेवर गेलं, की वरच्या ऑफिसातून माझ्या नावाचा कागद निघतो. मी जातो, रिकाम्या खुर्चीवर बसवला जातो, आणि मूळ चाक दुरुस्त होऊन आलं की माझी रवानगी पुन्हा डिकीत. गेली अठरा वर्षं हे चाललं आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाखेतला चहा मी प्यालो आहे आणि एकाही शाखेच्या सत्यनारायणाच्या वर्गणीच्या यादीत माझं नाव नाही. स्टेपनी असण्याचा हा एक फायदाच.

पण शब्द मनाला लागला होता. ज्या नावानं आपल्याला हाक मारतात ते आलं कुठून, हे तरी बघावं म्हणून शोधायला लागलो. मी कॉमर्सचा. इंजिनियरिंगशी माझा संबंध पंखा बंद पडला की वायरमनला फोन करण्याइतका. तरी शोधत गेलो आणि पोचलो थेट वेल्सला.

वेल्समध्ये लानेथ्ली नावाचं गाव आहे. लिहितात एक आणि उच्चारतात भलतंच, अशा गावांपैकी ते आहे. माझा उच्चार चुकला असेल तर वेल्सच्या वाचकांनी पत्र पाठवावं. या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता होता. या रस्त्यावर टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक तयार केलं, आणि ज्या रस्त्यावर धंदा त्या रस्त्याचं नाव मालाला देऊन टाकलं. आपल्याकडे कसं, दुकान बुधवारात असलं की मिसळही बुधवारातली होते, तसंच. लंडनमध्ये स्टेपनी नावाचा भाग आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आता गंमत अशी, की ही मूळ स्टेपनी म्हणजे पूर्ण चाक नव्हतंच. त्यात आरे नव्हते, तुंबा नव्हता. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असते ना, तशी नुसती एक धाव, आणि तिच्यावर हवा भरून तयार ठेवलेला टायर. वाटेत पंक्चर झालं की ही धाव त्या बसलेल्या चाकाच्या अंगाला चिमट्यांनी आवळून बसवायची आणि घर गाठायचं. म्हणजे मूळ चाक जागेवरच. स्टेपनी त्याच्या कडेला चिकटून भार वाहणार. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून पाच मिनिटं स्वस्थ बसलो. माझ्या नोकरीचं इतकं अचूक वर्णन बँकेच्या परिपत्रकातसुद्धा नाही.

असलं अर्धवट चाक का लागलं, तर तेव्हा मोटारीचं चाक निघतच नसे. हवेचा टायर डनलॉपनं बेलफास्टमध्ये १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला, हे आपण शाळेत शिकलो. (त्याच्याआधी चाळीस-पन्नास वर्षं, १८४५ साली, टॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं हवेच्या टायरचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. पण तेव्हा मोटारही नव्हती आणि आज आहे तशी सायकलही नव्हती, त्यामुळे त्याच्या टायरला जायला जागा नव्हती. फार लवकर जन्मणं हाही एक गुन्हाच आहे.) मोटारी आल्या, त्यांना हवेचे टायर आले, आणि टायरांबरोबर खिळे, नाल, दगड यांचं राज्य आलं. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून तो टायर चाकावरून उपसून काढायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, पुन्हा चढवायचा, आणि हातपंपानं हवा भरायची. म्हणून त्या काळच्या फोटोंतले मोटारवाले इतके गंभीर दिसतात.

यातून सुटकेचा मार्ग सगळ्या जगानं पाहिला तो १९०६ साली, फ्रान्समध्ये ल मां गावाजवळच्या शर्यतीत. 'ग्रां प्री' म्हणतात ती ही पहिली. २६ आणि २७ जून, असे दोन दिवस. एक फेरी शंभरावर किलोमीटरची आणि फेऱ्या बारा. उन्हानं रस्त्यावरचं डांबर वितळलेलं, खडी उडतेय, टायर फुटताहेत. आणि नियम असा, की गाडीला हात लावायचा तो फक्त चालवणाऱ्यानं आणि शेजारी बसलेल्या मेकॅनिकनं. बाकी बऱ्याच जणांचे मेकॅनिक सुरीनं टायर फाडून काढत होते. नवा चढेपर्यंत पाव तास जायचा. रेनॉ कंपनीच्या गाडीवर फेरेन्स सिस नावाचा हंगेरियन होता. त्याच्या गाडीला मिशेलिनची सुटी धाव होती. टायर हवेसकट तयार, आठ नट सोडायचे, आठ नट आवळायचे. चार मिनिटांच्या आत गाडी पुन्हा रस्त्यावर. सिस जवळजवळ अर्ध्या तासाच्या फरकानं जिंकला. जगातली पहिली ग्रां प्री, म्हणाल तर, इंजिनानं जिंकली नाही, नटांनी जिंकली.

त्यानंतर इंग्लंडात रज-व्हिटवर्थ या सायकलवाल्या कंपनीनं अख्खं चाकच सुटं केलं. मधोमध एकच मोठा नट, तांब्याच्या हातोड्यानं ठोकला की चाक हातात. शर्यतीच्या गाड्यांनी तो उचलला. पण सामान्य माणसाच्या गाडीला पुढे जे रूढ झालं ते असं : तुंब्यात घट्ट बसवलेले चार-पाच बोल्ट बाहेर डोकावतात, चाक त्यांच्यावर अडकवायचं आणि वरून नट आवळायचे. या बोल्टांना गॅरेजवाले स्टड म्हणतात. आणि माणूस चाक बदलायला लागला त्याच दिवशी, माझी खात्री आहे, स्टड मोडायलाही लागला असणार.

इथे मला आमच्या दादांकडे वळलं पाहिजे.

दादा म्हणजे माझे वडील. घरात, गल्लीत, ऑफिसात, सगळीकडे दादाच. वजन अठ्ठावन्न किलो. त्यात चष्मा धरलेला. आयुष्यभर त्यांनी हेडक्लार्की केली, आणि अंगमेहनतीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मार्चअखेरचं रजिस्टर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला आई शेजारच्यांना हाक मारायची, दादांना नाही. दादांनाही त्याचं काही वाटायचं नाही. निदान आम्हांला तसं दिसायचं.

त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नानाकाका, बरोबर उलटे. उंच, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती, लिलावात घेतलेली. ती कुणाची, किती सालची, याबद्दल नानाकाका दर वेळी नवी हकिकत सांगत. एका हकिकतीत ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढून आलेली होती. काही अशक्य नाही म्हणा. लढाईत अमेरिकेनं सहा लाखांवर जीपगाड्या केल्या, आणि लढाई संपल्यावर त्यांतल्या कितीतरी मिळेल त्या किमतीला फुंकल्या. मग १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जीपगाड्या जोडायला घेतल्याच. आमची त्यांतली नेमकी कुठली होती हे तिलाच ठाऊक.

१९९० सालचा मे महिना. चिपळूणला आत्याच्या मुलीचं लग्न. मी आठ वर्षांचा. कऱ्हाडहून पहाटे निघालो. जीपमध्ये माणसं नऊ, ट्रंका तीन, आणि रुखवताच्या करंज्यांचे दोन डबे. कोयनानगर गेलं, हेळवाक गेलं, आणि कुंभार्ली घाटात मागचं डावं चाक बसलं.

बायका आणि डबे सावलीला गेले. जॅक लागला. स्टेपनी उतरली. नानाकाकांनी पाना नटावर चढवला आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अंगात लग्नाचा रेशमी झब्बा आहे. म्हणून पाना दादांच्या हातात आला. "दादा, तू फिरव, मी सांगतो." आमच्या घराण्यात कामाची वाटणी नेहमी अशीच होते.

नट हलेना. "डावीकडे दाब, डावीकडे!" नानाकाका ओरडत होते. दादांनी दाबलं. दादांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि परत दाबलं. मग जीपमधून एक पाईपचा तुकडा निघाला, तो पान्याच्या दांड्यावर चढला. दांडा झाला तीन फुटांचा. दादांनी धोतर खोचलं (लग्नाकरता ते धोतर नेसले होते), त्या पाईपच्या टोकाला दोन्ही हातांनी लोंबकळले आणि पाय उचलले.

टण्ण असा आवाज झाला. देवळातल्या घंटेसारखा, पण एकदाच. दादा, पाना आणि पाईप करवंदीच्या जाळीत. नट सुटला नव्हता. स्टड मोडला होता. नटासकट बोटभर तुकडा रस्त्यावर लोळत होता आणि चाकाच्या पाचांपैकी एका भोकात चकचकीत ताजं लोखंड दिसत होतं.

मिनिटभर कुणी बोललं नाही. मग नानाकाकांनी तो तुकडा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि मोठ्यानं हसले. "दादा, अरे तुझ्याच नावाचा निघाला की!" स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेला होता. आमच्या आडनावाचं आद्याक्षरही एलच. सगळे हसले. दादांनी ओरखडलेल्या हातानं तुकडा घेतला, तोही पाहिला, आणि खिशात टाकला. मग हात धुवायला ते आईबरोबर झऱ्याकडे गेले.

उरलेले चार नट कसे निघाले हे मी पाहिलं, पण मला तेव्हा काही कळलं नाही. चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक घाट चढून आला. ड्रायव्हर उतरला, चाकाकडे पाहिलं, तुकडा नसलेल्या भोकाकडे पाहिलं, नानाकाकांच्या मिशांकडे पाहिलं. पाना घेतला आणि भुईमुगाची शेंग सोलावी तसे चारी नट काढून माझ्या ओंजळीत टाकले. जाताना तो नानाकाकांच्या कानात काहीतरी बोलला. नानाकाकांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. चार नटांवर स्टेपनी चढवून आम्ही घाट उतरलो, आणि खाली उतरल्याबरोबर नानाकाकांनी मला एकट्याला उसाचा रस पाजला. दोन ग्लास. का, ते मला तीस-बत्तीस वर्षांनी समजलं.

त्या लग्नात नवरानवरी राहिली बाजूला, दादाच गाजले. "लोखंड मोडलं दादांनी, लोखंड!" नानाकाका पंगतीपंगतीत सांगत फिरत होते. पुढे प्रत्येक मुंजीत, बारशात, श्राद्धाच्या जेवणातसुद्धा ती गोष्ट निघे. दर वेळी स्टड थोडा जाड होत असे. दादा नुसते चष्मा पुसत आणि "काहीतरीच तुझं" म्हणत. तो तुकडा मात्र त्यांनी ऑफिसात नेला. टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला. रिटायर झाले तेव्हा शाल आणि नारळाबरोबर तो घरी परत आला.

२०१६ साली दादा गेले. गोष्ट राहिली.

मागच्या वर्षी माझ्याच गाडीचं चाक बसलं. छोटी गाडी, बायको शेजारी, हमरस्ता. टायर आदल्याच महिन्यात बदलून घेतले होते, आणि हल्ली त्या दुकानांतून नट हातानं आवळत नाहीत. हवेची बंदूक असते, ती 'घर्र' करते आणि मुलगा पुढच्या चाकाकडे जातो. ते नट मला हलेनात. मी पान्यावर एक पाय ठेवला. मग दुसरा पाय ठेवला. आता उडी मारायची, एवढंच राहिलं होतं. बायको म्हणाली, "तोडणार आहात का दादांसारखा?"

मी उतरलो. भीती स्टडची नव्हती. अंगात नसलेलं बळ दाखवायला गेलो आणि खरंच मोडला, तर पुढची तीस वर्षं ती गोष्ट कोण सांगत फिरेल, हे माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं. मदतीचा फोन केला. विशीतला एक मुलगा मोटारसायकलवर आला. त्यानं नटाच्या मुळाशी गंज सुटायच्या तेलाचे दोन थेंब टाकले, हातोडीनं हलकेच टकटक केलं, मला नाव-गाव विचारत दहा मिनिटं काढली, आणि लांब दांड्याचा पाना लावून एकेक नट न धसकता सोडवला. नवं चाक लावताना आधी स्टडचे आटे चिंधीनं पुसले, तेलसुद्धा. प्रत्येक नट बोटांनी दोन-तीन फेरे फिरवला. "बोटानं फिरत नसेल तर पान्यानं फिरवायचाच नाही काका, आटे चढतात," तो म्हणाला. मग एक सोडून एक, समोरासमोर, थोडं थोडं करत आवळले. गाडी जमिनीवर टेकवली आणि शेवटचा पीळ एका वेगळ्याच पान्यानं दिला. तो पाना 'टक्' म्हणाला की थांबायचं. "शंभर किलोमीटरनं परत एकदा बघून घ्या." मला काका म्हणाला हे सोडलं तर मुलगा अत्यंत हुशार होता.

टक् म्हणणाऱ्या पान्याच्या मागे लागलो तो न्यूयॉर्कला पोचलो. तिथल्या पाणीपुरवठा खात्यात कॉनराड बार नावाचा माणूस होता. जमिनीखालच्या नळांचे जोड आवळताना कामगार भीमासारखे आवळत आणि बोल्ट तुटत. म्हणून १९१८ साली त्यानं जोर मोजणारा पाना केला, आणि पुढे एका जोडीदाराबरोबर सुधारलेल्या पान्याचं पेटंट घेतलं. म्युनिसिपालिटीच्या पाणी खात्यातून असं काही बाहेर पडतं, हे वाचून मला भरून आलं. आमच्याकडे त्या खात्यातून पाणी येण्याचीसुद्धा खात्री नाही.

या पान्याचं तत्त्व समजून घेताना मला कळलं की मी जन्मभर एक गैरसमज बाळगून होतो. मला वाटायचं, चाक स्टडवर खुंटीवरच्या टोपीसारखं टांगलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड ताणला जातो. केसाएवढाच, पण रबरासारखा ताणला जातो आणि चाकाला तुंब्यावर दाबून धरतो. त्या दाबामुळे जे घर्षण होतं त्यावर गाडी चालते. म्हणजे स्टड हा स्प्रिंग आहे. कमी ताणला तर चाक हलतं, स्टड मागेपुढे वाकून थकतो आणि एक दिवस मोडतो. जास्त ताणला तर परत आखडत नाही, लांबतो, आणि आज नाही तर पुढच्या पंक्चरला मोडतो. आणि आपण लावलेला जोर कुठे जातो म्हणाल, तर ढोबळ हिशेबानं नऊ-दशांश घासाघाशीतच संपतो. एक-दशांश काय तो स्टड ताणायला मिळतो. सरकारी अनुदानासारखंच. म्हणूनच आट्यांना तेल घालून नट आवळायचे नाहीत. तेलानं घासाघाशी नव्वदाची ऐंशी झाली, तर स्टडच्या वाट्याला दहाऐवजी वीस येतात. पाना तेवढाच जोर दाखवतो आणि स्टड दुप्पट ताणला जातो.

इथे माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. मी दादांचा ताळेबंद मांडला. जीपच्या अर्धा इंची स्टडाला आवळायला जोर लागतो साधारण दहा किलोग्रॅम-मीटर. दादा अठ्ठावन्न किलो, दांडा तीन फूट म्हणजे नव्वद सेंटिमीटर, गुणाकार बावन्न. पाचपट! मोडणारच. पण मग एक प्रश्न उरला, आणि तो मला झोपू देईना. नट सोडवताना पहिल्या हिसक्याला तो चिकटलेलाच असतो, एवढं मान्य. पण ट्रक ड्रायव्हरच्या हातात बाकीचे चार शेंगेसारखे निघाले. ते गंजलेले नव्हतेच. मग पाचवाच एवढा का अडला?

उत्तर मिळालं ते आट्यांच्या इतिहासात. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला चालत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रजानं सगळ्यांसाठी एकच आटे सुचवले, कोन ५५ अंश. इंग्रजांनी मान्य केलं. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सनं दुसरी पद्धत सांगितली, कोन ६०. पाच अंशांसाठी दोन देशांचे नट पुढची ऐंशीएक वर्षं एकमेकांत बसले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचं सगळ्या बाबतीत जमलं, नटबोल्टाचं जमलं नाही. शेवटी १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी सही केली तेव्हा ते भांडण मिटलं. आपल्याकडे तर इंग्रजी, अमेरिकन आणि मागून आलेला मेट्रिक, असे तिन्ही संप्रदाय एकाच गॅरेजात नांदले. जुन्या मेकॅनिकला तीन पाने आणि चौथा हातोडा का लागे, ते आत्ता कळलं.

पण खरी गोम पुढे आहे. आटे उजवे असतात तसे डावेही असतात. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे ज्यानं ते काढायला जाऊन बोटं सोलून घेतली आहेत त्याला माहीत आहे. मोटारवाल्यांनाही तीच धास्ती होती. गाडी पुढे जाताना डावीकडची चाकं, बाहेरून पाहिली तर, घड्याळाच्या उलट फिरतात. फिरता फिरता नटही तसाच सुटून आला तर? म्हणून काही कंपन्यांनी डाव्या बाजूच्या चाकांना डावे आटे दिले. (रज-व्हिटवर्थवाल्यांच्या मधल्या नटाचा हिशेब नेमका याच्या उलटा, उजवीकडे डावे. दोघांचीही कारणं मी वाचली आणि दोघांचीही मला पटली. असं झालं की मी चहा करून घेतो.) पुढे नटाचं तोंड निमुळतं केलं की तो चाकाच्या भोकात घट्ट बसतो, उलटे आटे लागत नाहीत, हे ध्यानात आलं आणि मोटारींतून ती पद्धत गेली, अमेरिकेत क्रायस्लरनं मात्र १९७० च्या आसपासपर्यंत धरून ठेवली होती. आणि जुन्या जीपगाड्यांना डाव्या बाजूला डावेच आटे. चुकू नये म्हणून स्टडच्या टोकावर खूणही करत. इंग्रजी 'लेफ्ट'चा एल.

मी उठलो. दादांच्या टेबलाच्या खणातून तो तुकडा काढला. पंचवीस वर्षं टेबलावर कागद धरून, आणि नंतर खणात पडून, तो काळा झाला होता. चिंधीनं पुसला. आटे डावीकडे चढत गेलेले. दादा बावन्नच्या जोरानं नट सोडवत नव्हते. घट्ट करत होते.

दादा असते तर पहिलं त्यांना सांगितलं असतं, की तुमचं काही चुकलं नाही. मग वाटलं, नसतं सांगितलं. सांगितलं असतं तर "काहीतरीच तुझं" म्हणायला त्यांना काय उरलं असतं?

नानाकाका आता चौऱ्याऐंशीचे आहेत. मिशा पांढऱ्या, आवाज तोच. दिवाळीत गेलो तेव्हा तुकडा खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "नानाकाका, हे डावे आटे आहेत."

त्यांनी तुकडा हातात घेतला. बराच वेळ आट्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"त्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच."

"मग दादांना का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. झऱ्यावरून तो परत आला तेव्हा तुझी आई त्याच्या हाताला रुमाल बांधत होती आणि म्हणत होती, केवढा हो जोर तुमच्या अंगात! दादाचं तोंड तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं." नानाकाकांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. "आणि खरं सांगू का, गाडी माझी, डावीकडे डावीकडे म्हणून ओरडणाराही मीच. सांगितलं असतं तर लग्नात मग माझी गोष्ट निघाली असती."

"म्हणजे चूक तुमची."

"माझी कशी?" नानाकाका ताठ बसले. "एल कोरला त्यांनी अमेरिकेत. आपल्याला डावा म्हणजे ड, एवढंच येत होतं."

काकूंनी करंज्या आणल्या. तेवढ्यात नानाकाकांची नातसून आली, नवीनच लग्न झालेली. तिनं माझ्या हातातला तुकडा पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नानाकाका सरसावून बसले.

"हे? अगं, माझा थोरला भाऊ होता. वजन अठ्ठावन्न किलो..."

मी करंजी उचलली.